पहिलं लाकडी जहाज बांधताना

लाकडी जहाजाचं किट घरी आलं की हात सगळ्यात आधी पट्ट्यांच्या जुडीकडे जातो. अक्रोडाच्या त्या पातळ, चॉकलेटी पट्ट्या इतक्या देखण्या असतात की आजच दोनचार लावून बघाव्यात असं वाटतं. माझी विनंती आहे, ती जुडी तशीच कपाटात ठेवा आणि निदान तीन आठवडे बाहेर काढू नका. जहाजाचं रूप आतल्या सांगाड्यावर ठरतं. सांगाडा नीट घासून झाला असेल तर पट्ट्या जवळजवळ आपसूक बसतात. तो घाईत उरकला असेल तर नंतर कितीही लांबी (पुट्टी) भरा, कितीही पॉलिश करा, उजेड तिरका पडला की अंगावरचे खड्डे दिसतातच. मी हे पहिली बोट अर्धवट सोडून शिकले. म्हणून या लेखात सांगाड्याबद्दल आणि पट्ट्यांबद्दल भरपूर लिहिलं आहे, शिडांबद्दल अगदी थोडं.

कोणतं किट घ्यायचं

सगळ्यांची नजर आधी 'व्हिक्टरी'वर जाते. १७६५ साली पाण्यात उतरलेली, १०४ तोफांची, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची युद्धनौका. तिचं किट म्हणजे काही वर्षांचं काम, आणि त्यातलं बरंचसं एकच बारीक काम शंभर-शंभर वेळा करण्याचं. ते पहिलं नको. एक किंवा दोन डोलकाठ्या, तोफा नाहीत किंवा दोनचारच, पेटीत सलग फोटोंची पुस्तिका, एवढं बघा. आर्तेसानिया लातिना या स्पॅनिश कंपनीची 'स्विफ्ट' ही १८०५ च्या पायलट बोटीची १:५० प्रमाणातली प्रतिकृती नवशिक्यांना झेपते. ऑक्रे, अमाती, बिलिंग बोट्स यांच्याकडेही सोपी किट असतात. त्याहून लहान सुरुवात हवी असेल तर मॉडेल शिपवेजची ग्रँड बँक्स डोरी घ्या, १:२४ ची. न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात कॉड पकडायला जाणारे मच्छीमार अशा सपाट तळाच्या होड्या मोठ्या जहाजाच्या डेकवर एकात एक रचून नेत. दोरखंडांचं काम तिच्यात जवळपास नाहीच.

डोरी सोडून दुसरं काही घेणार असाल तर किट दुहेरी पट्ट्यांचं आहे ना, हे पाहून घ्या. पहिला थर लिंबाच्या, म्हणजे लाइमवुडच्या पट्ट्यांचा असतो (आपल्या कडुलिंबाशी त्याचा संबंध नाही), त्यावर अक्रोडाचा पातळ दुसरा थर. पहिल्या थरातल्या चुका दुसऱ्याखाली झाकता येतात. एकेरी थराच्या किटमध्ये ही सवलत मिळत नाही.

किट बहुधा परदेशातून मागवावं लागतं, त्यामुळे छापील किमतीत पाठवणावळ आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा. बऱ्याच कंपन्या आपल्या पुस्तिका स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. पैसे भरण्याआधी ती पूर्ण वाचा. वाचून समजत नसेल तर तो आराखडा सध्या तुमच्यासाठी नाही.

मोठ्या जहाजाची ओढ असेलच, तर 'ट्रिंकोमाली'चं एखादं छायाचित्र टेबलासमोर लावा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेली ही युद्धनौका (फ्रिगेट) १८१७ साली पाण्यात उतरली, आणि इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ती आजही पाण्यावर आहे. मग मॉडेललाही सागवानच का नको, असा प्रश्न मला लगेच पडला होता. इथे पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये सागवानाची काय कमी? पण सागाच्या रेषा ठळक आणि छिद्रं मोठी. १:५० मध्ये ती छिद्रं प्रत्यक्षातल्या बोटभर खड्ड्यांसारखी दिसतात. शिवाय तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. जादा पट्ट्या लागल्याच तर बारीक, एकसारख्या पोताचा पिवळसर हळदू मिळतो का ते विचारा.

सामान, पेठांमधून

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका फेरीत बहुतेक गोष्टी होतात: बारीक कानशींचा संच, हाताने फिरवायचा पिन व्हाइस आणि ०.५ ते १ मि.मी.ची ड्रिल बिट्स, लहान गुण्या, व्हर्नियर, ८० पासून ४०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर. तिथूनच मीटरभर पीव्हीसी पाइप आणि त्याचं एक बूच आणा, ते कशाला ते पुढे येतंच. कापायला महागडी सुरी नको. ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि त्याचा ३ नंबरचा दांडा सर्जिकल सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. ब्लेड बोथट वाटलं की लगेच बदला. बोथट ब्लेडला जोर लावताना ते घसरतं आणि बोट कापतं. कपड्यांचे चिमटे तुळशीबागेतून दोन डझन आणा. फायलींना लावायच्या काळ्या बाइंडर क्लिपा, जाड रबरबँड, टाचण्या अप्पा बळवंत चौकात.

गोंद दोनच. लाकडाला लाकूड चिकटवायला पांढरा फेविकॉल. फेविक्विक फक्त धातूच्या भागांना आणि दोऱ्याच्या गाठीला. सांगाड्याला फेविक्विक वापरण्याचा मोह होतो, कारण थांबावं लागत नाही. पण फेविकॉल सुकेपर्यंतची पंधरावीस मिनिटं ही चूक सुधारायची संधी असते, आणि पहिल्या जहाजात तिची गरज रोज पडते.

पेटी उघडल्यावर

चौकोन वहीत सगळे भाग उतरवून काढा आणि यादीशी मोजून घ्या. पट्ट्या व्हर्नियरने मोजून जाडीप्रमाणे जुड्या बांधा, प्रत्येक जुडीला चिठ्ठी लावा. अक्रोड आणि सपेली (किटमध्ये येणारं दुसरं तपकिरी लाकूड) दिव्याच्या उजेडात सारखेच दिसतात, दिवसा बघा. आराखड्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक कापायला, एक भिंतीवर. मूळ प्रत गुंडाळून ठेवा. झेरॉक्सवरचं एक माप मूळ प्रतीशी ताडून पाहा, कारण मशीन कधीकधी किंचित लहान-मोठं करतं आणि मॉडेलच्याच मापाच्या (१:१) आराखड्यात ते चालत नाही.

१:५० म्हणजे प्रत्यक्षातला ५० सें.मी. इथे १ सें.मी. पावणेसहा फुटी खलाशी इथे साडेतीन सें.मी.चा होतो. पुठ्ठ्याचा एक असा माणूस कापून टेबलावर उभा करा. कठड्याची उंची, दाराचं माप, शिडीच्या पायऱ्या, काही चुकलं तर त्याच्यामुळे चटकन कळतं.

सांगाडा

प्लायवुडचा एक लांब कणा, म्हणजे कील, आणि त्याच्या खाचांत आडव्या बसणाऱ्या आठ-दहा चौकटी, म्हणजे बल्कहेड. आधी कणा सपाट काचेवर ठेवून बघा. तो थोडाही पिळलेला असेल तर ओलसर करून दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली दोन दिवस दाबून ठेवा. चौकटी गोंद न लावता बसवून पाहा. घट्ट बसत असेल तर खाच कानशीने मोठी करा, ठोकू नका. मग गुण्या लावून एकेक चिकटवा. प्रत्येक चौकट कण्याशी काटकोनातच हवी. बहुतेक किटमध्ये प्लायवुडचा खोटा डेक पट्ट्यांच्या आधी बसतो. तो कण्याला सरळ धरून ठेवतो, म्हणून त्याच्या आधी पट्ट्या लावू नका.

कोकणात जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, मीही तोच शब्द वापरते. नाळेपाशी पहिल्या दोन चौकटींमध्ये आणि मागे शेवटच्या दोन चौकटींमध्ये बाल्साचे, म्हणजे हलक्या मऊ लाकडाचे ठोकळे भरा आणि आकारात घासा. अनेक किटमध्ये हे सांगितलेलं नसतं. पट्टीचं वळण तिथेच सगळ्यात तीव्र असतं, आणि खाली आधार नसेल तर ती तिथेच मोडते किंवा सपाट पडते. एरोमॉडेलिंगचं सामान ठेवणाऱ्या दुकानात बाल्सा मिळतो.

घासणं

इंग्रजीत याला फेअरिंग म्हणतात. चौकटींच्या कडा अशा तिरक्या घासायच्या की पट्टी प्रत्येक कडेवर पूर्ण रुंदीने टेकेल. लेझरने कापलेल्या कडा जळून काळ्या झालेल्या असतात, आणि ती काजळी इथे फार उपयोगी पडते. जहाज मध्यापासून नाळेकडे निमुळतं होतं, म्हणून पुढच्या अर्ध्या भागातल्या चौकटींची पुढची कड घासायची आणि मागच्या कडेची काळी रेघ तशीच राहू द्यायची. मागच्या अर्ध्या भागात याच्या उलट. ती रेघ पुसली गेली तर तुम्ही आकारच खाल्लात असं समजा.

घासायला एका लवचिक लाकडी पट्टीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. पट्टी एका वेळी निदान तीन चौकटींवर टेकेल इतकी लांब हवी. बोटाला गुंडाळलेल्या कागदाने एकेक चौकट वेगळी घासली की लाटा तयार होतात.

तपासायला किटमधलीच एक पट्टी घ्या आणि नाळेपासून मागपर्यंत हाताने धरा. ती चारपाच चौकटींवर एकदम टेकली पाहिजे. एखाद्या चौकटीवर उचलली जात असेल तर तिथे घासा. मध्ये फट दिसत असेल तर त्या चौकटीच्या कडेला लाकडाचा पातळ काप चिकटवून पुन्हा घासा. मग पट्टी सेंटिमीटरभर खाली सरकवा आणि तेच. डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते पुठ्ठ्याचा साचा कापून पाहा.

माझी पहिली बोट मी भवानी पेठेतल्या एका सुतारकाकांना दाखवायला नेली होती. त्यांनी जहाज कधी बांधलं नव्हतं. पण त्यांनी डोळे मिटले, अंगठा नाळेपासून मागपर्यंत एका दमात फिरवला, आणि तिसऱ्या चौकटीवर थांबले. "इथं चढ आहे, ताई." मला डोळ्यांनी तो दिसत नव्हता. पट्टी लावून पाहिली तर कागदाच्या जाडीएवढा होता. तेव्हापासून मी रोज काम संपवताना दिवा मालवून अंगठा फिरवते. एका लहान बोटीला या टप्प्यावर रोज तासभर धरून दहाबारा दिवस लागतात, आणि ते लागू द्या.

मागच्या टोकाचा एक हिशोब पुस्तिकेत सहसा नीट समजावलेला नसतो. कण्याचं प्लायवुड ५ मि.मी., पहिला थर १.५, दुसरा ०.६. दोन्ही बाजू धरल्या की ९.२ मि.मी. झाले. पण सुकाणू ज्या उभ्या लाकडाला लागतं त्याची जाडी ५ मि.मी.च असते. म्हणून मागच्या टोकाला कणाच दोन्ही बाजूंनी तासून पातळ करायचा आणि पहिल्या थराची टोकंही घासून कागदासारखी करायची. पट्ट्या लावण्याआधी हे केलं नाही तर नंतर हात पोचत नाही.

पहिला थर

आता कपाटातली लाइमवुडची जुडी काढा. पट्ट्या सगळीकडे सारख्या रुंद ठेवून चालत नाही, कारण जहाजाचा घेर मध्यावर मोठा आणि नाळेपाशी लहान. मधल्या चौकटीच्या कडेवर डेकपासून कण्यापर्यंत कागदाची चीर टेकवा आणि मोजा. समजा ८४ मि.मी. आले. पट्टी ५ मि.मी.ची, म्हणजे सतरा पट्ट्या. आता नाळेपाशी तसंच मोजा. समजा ४८ आले. ४८ ला १७ ने भागलं की २.८. म्हणजे प्रत्येक पट्टी नाळेकडे ५ वरून २.८ पर्यंत निमुळती करायची. पट्टी निम्म्याहून अरुंद करू नका, टोक फाटतं. भागाकार अडीचच्या खाली आला तर एखादी पट्टी मधेच संपवावी लागते. निमुळती करायला पट्टी दोन फूटपट्ट्यांमध्ये पकडून लहान रंधा किंवा ब्लेड चालवा.

वळवण्यासाठी पीव्हीसी पाइपला एका टोकाला बूच लावा, कोमट पाणी भरा, पट्ट्या वीस मिनिटं उभ्या बुडवा. मग कुकरच्या भांड्याभोवती चिमट्यांनी आवळून रात्रभर सुकू द्या. सकाळी तो बाक पट्टीत राहिलेला असतो. ओली पट्टी तशीच चिकटवू नका. सुकताना ती रुंदीत आकसते आणि दोन पट्ट्यांमध्ये फट पडते.

पहिली पट्टी डेकच्या रेषेलगत. नंतर एक डावीकडे, एक उजवीकडे, हा क्रम मोडायचाच नाही. मी पहिल्या बोटीत एका रविवारी एकाच बाजूला सहा पट्ट्या लावल्या आणि सोमवारी सकाळी कणा केळ्यासारखा वाकलेला होता. गोंद सुकल्यावर तो परत सरळ होत नाही. ती बोट मी तिथेच थांबवली.

पट्टीला तिच्या कडेच्या दिशेने ओढून वाकवू नका. ती जिथे स्वतःहून जाऊ पाहते तिथे जाऊ द्या आणि उरलेली तिकोनी जागा वेगळ्या तुकड्याने भरा. खऱ्या जहाजांवरही असे तुकडे असत. टाचणी मारण्याआधी ०.५ च्या बिटने भोक पाडा, विशेषतः नाळेपाशी, नाहीतर पट्टी उभी चिरते. टाचणी अर्धीच ठोका, गोंद सुकला की काढा.

पाऊस

पुण्यात हे काम करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. जुलैत हवेतला दमटपणा लाकूड शोषून घेतं आणि पट्टी रुंदीत फुगते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तीच पट्टी आकसते. दुसऱ्या बोटीचा पहिला थर मी भर पावसात लावला, आणि होळीच्या सुमारास बाजूला केसाएवढ्या फटी उघडल्या. आता माझं वेळापत्रक असं: जून ते सप्टेंबर सांगाडा, घासणं, डोलकाठ्या, लहान भाग. पट्ट्या दिवाळीच्या आसपास सुरू. पावसाळ्यातच पट्ट्या लावायच्या असतील तर त्या आधी पंधरा दिवस झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि लागतील तेवढ्याच बाहेर काढा.

दुसरा थर आणि पॉलिश

पहिला थर १२० ने, मग २४० ने घासा. खड्ड्यांत घासून निघालेला भुसाच फेविकॉलमध्ये कालवून भरा. या वेळी मास्क लावा, भुसा घशाला लागतो. इथेही अंगठा फिरवायचा. दुसरा थर पातळ असल्याने खालचा प्रत्येक उंचवटा वर उमटतो. अक्रोड लाइमवुडपेक्षा ठिसूळ, म्हणून भिजवणं जास्त वेळ आणि वाकवणं सावकाश. गोंद कडांवरून बाहेर आला तर ओल्या फडक्याने लगेच पुसा, कारण गोंद लागलेल्या जागी पॉलिश धरत नाही आणि पांढुरके डाग राहतात. शेवटी ४०० चा हात फिरवून चपड्याच्या पॉलिशचे पातळ दोनतीन हात. जाड चकचकीत वॉर्निश या आकारात प्लास्टिकसारखं दिसतं.

डेक, डोलकाठ्या, दोरखंड

डेकच्या पट्ट्यांच्या कडेला मऊ पेन्सिल फिरवून मग चिकटवल्या की दोन फळ्यांमधल्या डांबराची रेघ दिसते. पट्ट्या पूर्ण लांबीच्या ठेवू नका, १:५० ला १२ ते १५ सें.मी.चे तुकडे खऱ्या फळ्यांच्या मापाला जुळतात. जोड शेजारी-शेजारी येऊ देऊ नका.

डोलकाठी निमुळती करायला गोल काठी ड्रिलमध्ये पकडून फिरवा आणि पॉलिश पेपरने घासा. लाकडाची रेषा सरळ असलेलीच काठी निवडा, वाकडी रेषा नंतर वाकडी डोलकाठी करते.

दोऱ्याचा हिशोब साधा आहे: खरा २५ मि.मी.चा दोरखंड म्हणजे इथे अर्धा मि.मी. किटमधला दोरा केसाळ असेल तर बाटिकच्या कामातलं मधमाश्यांचं मेण त्यावरून ओढा. केस बसतात आणि गाठही सरकत नाही. डोलकाठीला आधार देणारे पक्के दोर आधी, शिडं हलवणारे नंतर. आधारदोर मागेपुढे, डावी-उजवीकडे जोडीजोडीने ताणा, नाहीतर डोलकाठी एका बाजूला झुकते. आडव्या पायऱ्यांच्या दोऱ्यांना स्काउटमध्ये शिकवतात ती खुंटगाठ मारायची, अंतर साधारण ७ मि.मी. मागे रेघा आखलेला पांढरा कागद धरला की पायऱ्या समांतर येतात. दिवसाला एक तासापेक्षा जास्त हे काम करू नका, डोळे थकले की गाठी सैल पडतात.

शिडं मी लावत नाही. मापातल्या शिडाला कापड नेहमीच जाड वाटतं, आणि त्यामागे दोरखंडाचं सगळं काम झाकलं जातं. नुसत्या काठ्यांचं जहाज मला जास्त खरं वाटतं.

पेटी

पुण्यातली धूळ आठवड्याभरात दोरखंडावर बसते आणि ती काढताना दोर तुटतात, म्हणून काचेची पेटी जहाज पूर्ण होण्याआधीच सांगून ठेवा. मत्स्यपेट्या बनवणारे कारागीर मापाप्रमाणे करून देतात. चारही बाजूंना आणि वर तीनचार सें.मी. मोकळी जागा ठेवा. पश्चिमेच्या खिडकीसमोर पेटी नको, उन्हाने अक्रोड फिकट पडतं आणि काचेच्या आत लाकूड तापून पट्ट्या उचलतात. माप घेताना नाळेच्या पुढे आलेली आडवी काठी, म्हणजे बोस्प्रिट, धरूनच लांबी सांगा.